सभेत सेक्रेटरी गप्प, कामगार बोलतात

परवा इथे बार्सिलोनात, आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये सभा झाली. सफाईच्या नव्या ठेकेदाराने बायकांचे तास कमी केले, काम मात्र तेवढंच ठेवलं; त्यावर काय करायचं हे ठरवायचं होतं. ज्याला बोलायचं त्याने नाव द्यायचं, एक बाई ते वहीत लिहिते आणि क्रमाने हाक मारते. तीन मिनिटं झाली की थांबायचं, मग तो कोणी का असेना. इक्वेडोरहून आलेली सफाईवाली बोलली, मग पेंटशॉपचा पोरगा, मग आमचा शिफ्ट इंजिनिअर. युनियनचा सेक्रेटरी भिंतीला टेकून उभा. शेवटी हात वर झाले आणि ठरलं, ठेकेदाराच्या बायकांसाठी कायम कामगारांनी काम बंद ठेवायचं.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातला. आमच्याकडे 'परमनंट' आणि 'कॉन्ट्रॅक्ट' म्हणजे दोन वेगळ्या जाती. त्यामुळे त्या सभेतून उठलो ते डोकं भणभणत.

बार्सिलोनात हे आजचं नाही. सीएनटी ही अराजकवादी कामगार संघटना इथे १९१० साली उभी राहिली. त्याच साली आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. सीएनटीचं म्हणणं सरळ होतं. उद्योग कामगारांनीच चालवावा, वर मालक नको आणि सरकारही नको; निर्णय सभेचा, प्रतिनिधी फक्त निरोप्या. १९१८ मध्ये सान्समधल्या अधिवेशनात त्यांनी 'एकच संघटना' हे धोरण घेतलं. फिटरची वेगळी, सुताराची वेगळी, असं नाही; एका उद्योगातले सगळे एका संघटनेत.

पुढच्याच वर्षी त्याची परीक्षा झाली. लोक ज्या वीज कंपनीला 'कॅनेडियन' म्हणत, तिने फेब्रुवारी १९१९ मध्ये ऑफिसातले ८ जण काढले. कारकुनांसाठी आधी ऑफिस उठलं, मग मीटर वाचणारे, मग तारा ओढणारे. शहर अंधारात गेलं, ट्राम थांबल्या. छापखान्यातल्या कामगारांनी तर संपाविरुद्धच्या जाहिराती छापायलाच नकार दिला. ४४ दिवस हे चाललं. तडजोड ठरली तरी पुढारी साल्वादोर सेगी याला ती परस्पर मान्य करता आली नाही. बैलझुंजीच्या आखाड्यात जमलेल्या हजारो कामगारांसमोर उभं राहून त्याला त्यांना पटवावं लागलं. एप्रिलमध्ये सरकारने आठ तासांच्या दिवसाचा हुकूम काढला. त्या आखाड्याचा आता मॉल झालाय. मी तिथे गेलो की खरेदी बाजूलाच राहते.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटल्यावर ट्राम कामगारांनी ट्राम स्वतः चालवल्या, डबे लाल-काळे रंगवले. पण त्याच वर्षी सीएनटीचे चौघे मंत्री झाले. माझ्या मते घात तिथेच झाला. सभेला उत्तर देणारी माणसं मंत्रिमंडळाला उत्तर द्यायला लागली. पुढे मे १९३७ मध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर सीएनटीवाले आणि त्यांच्याच बाजूचं सरकार एकमेकांशी लढले, आणि १९३९ मध्ये फ्रँकोची हुकूमशाही आली.

कुपवाड एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या माझ्या चुलतभावाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तिकडं चालतंय ते. आमच्यात हात वर केला की दुसऱ्या दिवशी गेटवरनं माघारी." त्याचं खरं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली, तेव्हा त्याच्यासारख्यांना विचारलं कोणी? शंभर वर्षांपूर्वी कारकुनांसाठी वायरमन उठला, त्याचं मोल आज जास्त आहे, कारण आज एकाच शेडखाली चार ठेकेदारांची माणसं घाम गाळतात आणि एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

पण "तिकडं चालतंय" हे मी मान्य करणार नाही. इथेही, स्पेनच्या दक्षिणेला, ह्युएल्वाच्या स्ट्रॉबेरीच्या रानात मोरोक्कोच्या बायका कशा राबतात ते बघा, म्हणजे युरोपचं कौतुक उतरेल. आणि आपली माणसं पुढाऱ्याशिवाय हलत नाहीत, असं आपणच म्हणायचं? कुंडलच्या मातीत? इंग्रजांचं राज्य असताना नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले. वाळव्यात नागनाथअण्णा नायकवडींनी सहकारी साखर कारखाना उभा केला. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेले कामगार खानापूर तालुक्यातल्या दुष्काळाविरुद्धच्या चळवळीत उतरले. त्याच चळवळीतून येरळेवर बळीराजा धरण झालं. त्यासाठी गावकऱ्यांनी नदीची वाळू विकून पैसा उभा केला, आणि पाणी ठरवलं ते जमिनीवर नाही, माणसांवर. भूमिहीनालाही वाटा.

"परदेशात बसून सोपं आहे बोलणं," असं कोणीतरी लिहीलच. मी पोटासाठी आलो. गावात काम असतं तर आलो नसतो. पण इथे पगाराबरोबर सभेत बोलायची सवय लागली, आणि ती मी गावाकडेही मागणार.

चुलतभावाला मी एवढंच सांगितलंय की संपाचं नाव काढू नको. तुमच्या शेडमधल्या चारही ठेकेदारांच्या पोरांना सुट्टीच्या दिवशी एका जागी बोलव, आणि प्रत्येकाला पगार किती पडतो ते एका वहीत लिहून काढ.