खुराड्याची जमीन
आज अख्खा दिवस कोंबड्यांच्या खुराड्यात गेला. सकाळी दार उघडताच अमोनियाचा उग्र दर्प! मूठभर भुसा दाबून पाहिला तर घट्ट गोळाच झाला, म्हणजे ओल फार. चांगला भुसा मूठ उघडताच सुटा व्हायला हवा. सगळा उपसला. खालचा सिमेंटचा कोबा ठेवला. तो उंदीर-घुशींना सहजी पोखरता येत नाही, धुताही येतो. वर रंध्याच्या कोरड्या ढलप्यांचा 10 सेंटिमीटर थर.

तारेच्या जाळीची जमीन सोयीची वाटते, विष्ठा खाली पडते. पण तळपाय सोलतात, जखम चिघळते. माझ्या एका कोंबडीने ते सोसलंय, अजून जीव तुटतो.

बाहेरच्या मोकळ्या जागेत मात्र जाडसर वाळू टाकली, पाण्याचा निचरा होतो. संध्याकाळी सगळ्याजणी तिथे पंख पसरून लोळत होत्या.