वरीलप्रमाणे

रविवार, रात्री साडेअकरा

सकाळी पोळ्या लाटताना बेल वाजली. तळमजल्यावरचे काका, हातात कागदांचा गठ्ठा. "पीएपीच्या, म्हणजे प्रकल्पबाधितांच्या घरांवरच्या हरकती आहेत वहिनी, उद्या मुलुंडच्या टी वॉर्ड ऑफिसात द्यायच्यात." कणकेच्या हातानेच सही केली. कारणाच्या रकान्यात सगळ्यांचं 'वरीलप्रमाणे', मीही तेच लिहिलं. तवा तापला होता.

दुपारपासून डोक्यात एकच. वर म्हणजे कुठे? माझ्या पानावर पहिल्या ओळीतही 'वरीलप्रमाणे'च होतं.

हरकत मला आहेच. केळकर कॉलेजपाशी ७,४३९ घरं, त्यांना पाणी कुठून आणणार? आमच्याच पिंपाचा तळ मे महिन्यात दिसतो. डंपिंग ग्राउंडचा वास २०१८ पर्यंत आम्ही सोसला. आता धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी मिठागरांची २५५.९ एकर जमीन, त्यातही मुलुंड आहेच. बोलायचंच नाही का मग?

पण हे कुठे लिहिलं मी? लग्न ठरताना विचारलं होतं, तुझं काय मत? तेव्हाही बाबांकडे बघून मान हलवली होती. जन्मभर वरीलप्रमाणे. आणि तेव्हा इथल्याच नानेपाड्यातल्या मुली आम्हाला नाक मुरडून म्हाडावाले म्हणायच्या, ते... जाऊ दे.

संध्याकाळी काकांकडून पहिल्या पानाचा फोटो मागवला. पहिली ओळ, सुबक अक्षर: "अशा लोकांमुळे वस्तीचा दर्जा जाईल, मुलीबाळींना फिरणं मुश्कील होईल."

म्हणजे मी हे लिहिलंय. कणकेच्या बोटाच्या ठशासकट.

'अशा' म्हणजे कशा? पीएपी म्हणजे रस्ता, नाला, पाइपलाइन यांत ज्यांचं घर गेलं ते. तानसाच्या पाइपलाइनकडेची माणसं उचलून माहुलला रिफायनरीच्या दारात नेऊन टाकली होती. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं, यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार भाडं द्या. शहराच्या पाण्यासाठी घरं त्यांची गेली, आणि पाण्याच्या नावाने ओरडतेय मी. तरी हरकत आहेच हो! पाण्याचा हिशेब आधी दाखवा, मग इमारती. तेवढ्यावर ठाम आहे.

नऊ वाजता चपला घालून खाली गेले. काका म्हणाले, "खाडाखोड केलीत तर फॉर्म बाद होईल." होऊ दे म्हटलं. 'वरीलप्रमाणे'वर काट मारली आणि त्या बोटभर रकान्यात कोंबून लिहिलं: पाणी व ड्रेनेजची सोय आधी करावी. माणसांबद्दल हरकत नाही.

काकांनी चष्मा वर करून वाचलं. काही बोलले नाहीत.

जिना चढताना लक्षात आलं आणि एकटीच हसले. माझ्याखाली त्या पानावर अकरा सह्या आहेत. अकराही जणांचं कारण: वरीलप्रमाणे.