टोपीतले कवडसे

नमुन्याची हॅट रात्री साडेनऊला मोबाईलच्या टॉर्चखाली पास झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गच्चीवर नापास. हातात तीन दिवस होते आणि बासष्ट हॅटचं कापड कापायला निघालं होतं.

काम असं होतं. मुळशी रस्त्यावरच्या एका लॉनवर मे महिन्यातली हळद, तीही दिवसा, उघड्यावर. पाहुण्यांना रुंद काठाच्या हॅट द्यायच्या. काठात लेझरने जाळी कापायची म्हणजे ऊन त्यातून गाळून खाली नक्षी पडेल. नवरानवरीच्या दोन हॅटमधून 'स' आणि 'व' ही अक्षरं हिरवळीवर उमटायला हवीत. आमच्या वर्कशॉपमध्ये लाकूड, अ‍ॅक्रिलिक, कापड असं सगळं कापतो. त्यात हे काय अवघड, असं वाटलं आणि तिथेच चुकलं.

नमुन्यात तीन मिलिमीटरच्या छिद्रांची नाजूक जाळी होती, पैठणीच्या पदरावर असते तशी. रात्री हॅट हातभर उंच धरली, वर वीतभर अंतरावर टॉर्च. फरशीवर सुरेख, मोठी, रेखीव नक्षी उमटली. व्हिडिओ गेला, लगेच होकार आला. सकाळी गच्चीत तीच हॅट डोक्यावर घातली तर खाली नुसती फिकट राखाडी चकती. जाळी नाही, फूल नाही. काठात तीस टक्के भोकं होती, तेवढीच सावली पातळ झालेली.

कारण सोपं आहे, पण आधी सुचायला हवं होतं. मोबाईलचा टॉर्च म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका. त्याच्यापासून किरण पसरत जातात, म्हणून नक्षी मोठी होते. आणि ठिपका लहान, म्हणून कडा तीक्ष्ण राहतात. सूर्याचं दोन्ही बाबतींत उलटं. तो इतका लांब आहे की नक्षी मोठी होतच नाही, काठावर जेवढी तेवढीच जमिनीवर. आणि आकाशात तो ठिपका नाही, अर्ध्या अंशाहून किंचित मोठी तबकडी आहे. तबकडीच्या प्रत्येक भागातून आलेला किरण छिद्रातून जरा वेगळ्या जागी पडतो. ही पसरण अंतराच्या साधारण १०८व्या भागाइतकी. आम्ही आता भिंतीवरच लिहून ठेवलंय: मीटरला सेंटिमीटर. छिद्रापासून एक मीटर खाली कडा जवळपास सेंटिमीटरभर विरते. उभ्या माणसाच्या डोक्यावरचा काठ जमिनीपासून साधारण १५८ सेंटिमीटर, म्हणजे पसरण १४-१५ मिलिमीटर. तिथे तीन मिलिमीटरचं छिद्र काय टिकणार!

कौलारू घरात वाढलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. फुटक्या कौलातली फट वाकडीतिकडी असते, पण जमिनीवर पडणारा कवडसा गोलच. तो फटीचा आकार नसतोच, सूर्याचं चित्र असतं. ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरी होतात ते याच कारणाने. म्हणजे आमची हॅट बिघडलेली नव्हती. तिने शेकडो कवडसे पाडले होते, एकमेकांवर चढलेले, म्हणून काहीच वेगळं दिसत नव्हतं.

एकदा हे मान्य केलं की मार्गही त्यातच आहे. आकार कापायचे नाहीत, ठिपके कापायचे. प्रत्येक ठिपक्याचा एक कवडसा, आणि कवडशांची मिळून रांगोळी. ठिपक्यांची रांगोळी आपल्याकडे आहेच, फक्त रेघा सोडून द्यायच्या.

आता ठिपका केवढा? लहान ठेवला तर कवडसा गोल आणि देखणा, पण अंधूक. तीन मिलिमीटरच्या छिद्रातून जमिनीच्या पातळीवरून वर पाहिलं तर सूर्याच्या तबकडीचा जेमतेम चार टक्के भाग दिसेल. म्हणजे भर उन्हाच्या चार टक्के उजेड. सावलीत आकाशाचा उजेडच त्याहून जास्त असतो, कवडसा त्यात बुडून जातो. आठ मिलिमीटरला हा आकडा तीस टक्क्यांपर्यंत जातो आणि ठिपका डोळ्यात भरतो. दहा-बारा केलं तर आणखी उजळ, पण मग हॅट चाळणीसारखी दिसते आणि काठ लुळा पडतो. आठवरच थांबलो.

आठचं छिद्र अधिक पंधराची पसरण म्हणजे खाली तेवीस मिलिमीटरचा कवडसा, कडेला विरत जाणारा. दोन छिद्रांच्या मध्यांमध्ये पंचवीसच्या खाली गेलं की ठिपके चिकटायला लागतात. हॅटचा एकूण व्यास ४६ सेंटिमीटर. त्यात मधला डोक्याचा भाग १८, म्हणजे काठ सगळीकडून १४. त्यावर तीन फेरे बसवले: बाहेरचा ४२ सेंटिमीटर व्यासाचा, मधला ३७, आतला ३२. बाहेर ४८ ठिपके, मध्ये ४०, आत ३२. काठाचे आठ भाग पाडले तर प्रत्येकात सहा, पाच, चार अशा ओळी येतात. रांगोळी काढणाऱ्या कुणालाही ही उतरती ओळ ओळखीची वाटेल. बाहेरच्या फेऱ्यापासून कडेपर्यंत सोळा मिलिमीटर कापड कोरं ठेवलं, कारण त्यात तार शिवायची असते.

मूळ नाजूक जाळी फेकून दिली नाही. ती आतल्या पट्ट्यात, डोक्याजवळ सरकवली. तिथून तिची नक्षी जमिनीवर नाही, गालावर आणि नाकावर पडते. अंतर पाच-दहा सेंटिमीटर, पसरण मिलिमीटरच्या आतबाहेर. तिथे तीन मिलिमीटरची जाळी झकास दिसते. खरं तर उन्हाच्या हॅटची सगळ्यात चांगली जागा चेहराच. जमीन हा हट्ट आहे, पण गिऱ्हाईकाचा हट्ट.

अक्षरांवर बराच वेळ गेला. जमिनीवर 'स' वाचता यायला त्याची रेघच चार-साडेचार सेंटिमीटर जाड हवी, म्हणजे अक्षर वीतभराहून मोठं. चौदा सेंटिमीटरच्या काठात ते बसत नाही. म्हणून अक्षरं जमिनीवरून उचलून छातीवर आणायची ठरली. हळद साडेदहाची. त्या तारखांना पुण्यात साडेदहाला सूर्य क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर असतो. माणूस सूर्याकडे तोंड करून उभा राहिला तर पुढच्या काठातली नक्षी हनुवटीखाली, गळ्याशी पडते. अंतर वीसेक सेंटिमीटर, पसरण दोन मिलिमीटर. मात्र जमीन आडवी असते आणि छाती उभी. आडव्या काठातली नक्षी आडवी जमीन ताणत नाही, फक्त सरकवते. उभ्या छातीवर तीच नक्षी खालीवर ताणली जाते, ६१ अंशाला १.८ पट. म्हणून अक्षर मुद्दाम बसकं कापलं, सहा सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन उंच. छातीवर ते सहा बाय साडेसहाच्या आसपास दिसायला हवं. शिरोरेघ डोक्याच्या बाजूला, पाय बाहेरच्या कडेला; समोरच्याला मग सरळ वाचता येतं. हे उलटं झालं तर कापड वाया, म्हणून आधी पुठ्ठ्यावर कापून बघितलं.

आणि 'व'चं पोट! स्टेन्सिल कापणारा प्रत्येकजण इथे एकदा तरी फसतो. 'व'चा गोल पूर्ण कापला की आतलं कापड गळून पडतं आणि 'व'ऐवजी भोपळा उरतो. त्याला धरून ठेवायला पूल लागतो. पसरण दोन मिलिमीटर असेल तिथे दोन मिलिमीटरच्या पुलाच्या कडा सावलीत विरतात, म्हणून तेवढाच ठेवला. हॅट हातात घेतली की पूल ठळक दिसतो, गळ्यावर तेवढा ठळक दिसत नाही.

कापडाचं थोडक्यात. वर-खाली सुती ट्विल, मध्ये बकरम, म्हणजे काठ ताठ ठेवणारं कडक कापड, तीन थर एकत्र कापायचे. ६० वॅटच्या मशीनवर एका फेरीत कापलं तर कडा तपकिरी होतात. कमी ताकदीच्या दोन फेऱ्या आणि हवेचा झोत चालू ठेवला की कड स्वच्छ येते. काठाच्या कडेला मिलिमीटरभर जाडीची स्प्रिंगची तार. ती नसेल तर १२० भोकांचा काठ आडवा राहत नाही आणि काठ आडवा नसेल तर हे सगळं गणित वाया. मध्येच गिऱ्हाइकाकडून सोनेरी रेक्झीनचा तागा आला, 'यातच करा' म्हणून. रेक्झीन बहुधा पीव्हीसीचं असतं आणि पीव्हीसी लेझरखाली कधीच घालायचं नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराईड निघतो; छातीलाही वाईट आणि मशीनच्या रेल, आरसे सगळं गंजवतो. ओळखायची जुनी युक्ती आहे. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, तुकड्याला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. झाली. तागा परत गेला.

हळदीच्या दिवशी सकाळी पोचलो तर दोन अडचणी समोर. हिरवळीवर कवडसे दिसतच नाहीत. पात्यापात्याची स्वतःची सावली असते, त्यात ठिपका हरवतो. हे आधीच माहीत होतं म्हणून बारा मीटर मांजरपाट बरोबर नेला होता, तो अंथरला. दुसरी अडचण मांडवाची. वर पांढरं कापड ताणलेलं. त्याखाली उजेड भरपूर, पण सगळीकडून येणारा. सावलीच पडत नाही तर नक्षी कुठून. बसायची जागा मांडवाबाहेर पूर्वेला काढून घेतली.

साडेदहाला काहीच सुरू झालं नाही. लग्नघर म्हटल्यावर हे धरून चालायला हवं होतं. पाहुणे हॅट घालून फिरत होते तेवढ्यात मांजरपाटावर तीन फेऱ्यांचे कवडसे स्वच्छ पडले, प्रत्येकाच्या पश्चिमेला सुमारे ८५ सेंटिमीटरवर. चालणाऱ्याबरोबर सरकणारी ठिपक्यांची रांगोळी. मुलं एकमेकांच्या रांगोळीवर उड्या मारायला लागली. नवरानवरी मात्र पाटावर बसले तेव्हा घड्याळात बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

आणि तारीख होती १४ मे. पुण्याला शून्य सावलीचा दिवस १३-१४ मेच्या सुमारास येतो. साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर. छातीसाठी तिरपा किरण हवा होता, तो उरलाच नाही. 'स' आणि 'व' सरळ खाली पडत होते. जे उभे होते त्यांची गंमत वेगळीच. बाजूचे ठिपके खांद्यांवर अडले आणि तिथे अंतर कमी म्हणून आठ मिलिमीटरचे ठसठशीत गोल, पिवळ्या कापडावर टिकल्या लावाव्यात तसे. पुढचे-मागचे ठिपके तेवढे जमिनीपर्यंत पोचले, पायांच्या पुढे-मागे कंसासारख्या दोन कमानी. ज्यांची पोटं पुढे होती त्यांना पुढचा कंस पोटावरच मिळाला.

अक्षरांचं काय? गणित उलटं चालवलं. पसरण कमी हवी तर पडदा काठाच्या जवळ आणायचा. नवरीला ओंजळ छातीच्या पुढे, वरणभाताच्या ताटावर धरतात तेवढ्या उंचीवर धरायला सांगितली. काठापासून ३५-४० सेंटिमीटर, पसरण साडेतीन. अक्षराची रेघ आठ मिलिमीटरची, टिकली. ओंजळीत 'स' आला. बसकाच, कारण आता ताणायला उभी छाती नव्हती. तळवे बोटांकडून वर करून, किरणाला जरा तिरपे धरले तेव्हा तो लांबून सरळ दिसायला लागला. नवऱ्याच्या हातात 'व' यायला आणखी दोन मिनिटं गेली, कारण तो सारखा वर बघत होता आणि हॅट मागे कलत होती. फोटोवाल्याला दोनच गोष्टी सांगाव्या लागल्या: फ्लॅश बंद, आणि उजेड हॅटच्या सावलीवर नाही, कवडशावर मोजायचा. नाहीतर अक्षरं पांढरी फटक येतात.

पावणेएकला हळदीचं पाणी उडवायला सुरुवात झाली. बासष्टपैकी त्रेपन्न हॅटमध्ये इस्त्रीने चिकटणारा बकरम होता, नऊमध्ये खळीचा, कारण ताग्याचा शेवट आला तेव्हा दुकानात दुसरा मिळाला नाही. खळीचा बकरम भिजला की मऊ पडतो. कडेच्या तारेमुळे गोल टिकला, पण काठ डोक्याजवळून छत्रीसारखा खाली उतरला आणि त्या नऊ जणांचे तिन्ही फेरे एकमेकांत शिरले. पुढच्या ऑर्डरीसाठी खळीच्या बकरमचा उरलेला तुकडा वेगळा बांधून ठेवलाय, वर मार्करने लिहिलंय: पाण्याजवळ नको.