जांभळी रिंग

परवा दुपारी दिवाणाखाली चष्म्याचं कव्हर शोधत होते, तर झाडूबरोबर एक जांभळी प्लास्टिकची रिंग बाहेर आली. बाटलीचं झाकण उघडलं की मानेला अडकून राहते ना, ती. आमच्या घरात जांभळी म्हणजे भीती. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी कोणीतरी घाबरलेलं होतं आणि ते तसंच, घाबरलेलंच, आपापल्या घरी निघून गेलं.

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत महिन्यातून दोन रविवार डी अँड डी चालतं, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ. भाचा डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा, मी क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेने बाकीच्यांना बरं करणारी, आणि बाकीचे तिघं फायटर म्हणजे लढवय्या, रोग म्हणजे चोर (आजार नव्हे) आणि विझर्ड म्हणजे जादूगार. खरी मिनिएचर्स, म्हणजे पात्रांच्या छोट्या बाहुल्या, मोजून चार आहेत, म्हणून गॉब्लिन म्हणजे बुद्धिबळातली प्यादी आणि जे काही मोठं, भयंकर असेल ते म्हणजे माझ्या भातुकलीतला पितळी बंब. बंब आजवर ओगर झालाय, ट्रोल झालाय, त्या रविवारी तर ड्रॅगन होता. आणि कोणाला काय झालंय ते लक्षात राहावं म्हणून या रिंगा. हिरवी विषाची, निळी जमिनीवर पडलेल्याची, लाल कॉन्सन्ट्रेशनची, म्हणजे मंत्र टिकवून धरलेल्याची, पांढरी माझ्या ब्लेसची, म्हणजे आशीर्वादाच्या मंत्राची. प्याद्याच्या गळ्यात घातली की माळ घातल्यासारखं दिसतं, बंबाच्या तोटीला अडकवतो.

या रिंगांपायी मला एक वाईट खोड लागलीये. लग्नकार्यात कोणाचीही पाण्याची बाटली रिकामी दिसली की माझी बोटं आपोआप मानेकडे जातात. निळ्या ढिगाने मिळतात पण जांभळी फार दुर्मिळ, ती उज्जैनच्या एका मुंजीत मिळाली होती आणि तेव्हा ज्यांची बाटली होती ते काका माझ्याकडे बघत होते ते अजून आठवतं. सगळ्या रिंगा एका जुन्या मिसळणाच्या डब्यात, एका वाटीत एक रंग. विषाच्या रिंगांना अजून हिंगाचा वास येतो, कितीदा धुतल्या तरी.

आता गंमत अशी की नियमात अशा पंधरा कंडिशन्स, म्हणजे अवस्था, आहेत आणि त्यातली एकही ज्याची त्याला आठवत नाही. आमचे फायटर बँकेत आहेत, सबंध आठवडा दुसऱ्याच्या पैशाचा पै न पै हिशोब ठेवतात, पण रविवारी गळ्यात हिरवी रिंग असताना बिनधास्त एकच फासा टाकतात आणि "सतरा!" म्हणून ओरडतात. मग आम्ही सगळे एका सुरात, "हिरवी! हिरवी!" मग दुसरा फासा, त्यावर चार, आणि विष असलं की कमीचाच, म्हणून चारच धरायचा. शत्रू खाली पडलेला असेल तर जवळून मारणाऱ्याला फायदा मिळतो हे लहान मूलही विसरणार नाही, पण लांबून बाण मारणाऱ्याला त्याचाच तोटा होतो हे आमच्या टेबलावर कोणाला एकदा तरी स्वतःहून आठवलं असेल तर शपथ.

विष-अमृतमध्ये पण हेच व्हायचं ना. "मी विष आहे" असं कधी कोणी आपणहून सांगितलंय का. उठून पळायचं, आणि पकडलं की "टॅम्प्लीज".

वाईट विसरतात ते मी समजू शकते. पण चांगलं पण विसरतात! ब्लेस म्हणजे तिघांना प्रत्येक हल्ल्यावर आणि प्रत्येक सेव्हवर, म्हणजे संकटातून वाचायच्या फाशावर, एक डी-फोर, म्हणजे चार बाजूंचा फासा, जास्तीचा, फुकट. तो छोटा टोकदार फासा मी ज्याच्या त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवते. तरी एका आकड्याने वार हुकतो, हळहळतात, डीएम पुढच्याच्या बारीवर जातो, आणि मग मी "अरे पांढरी, पांढरी!" करत बसते. त्या रविवारी मी दोन तास तेच करत होते. मधेच फायटर पडले ते ड्रॅगनच्या अगदी पायाशी, तर सरळ धावत जाऊन हात लावून उठवलं त्यांना, कोणीच जायला तयार नव्हतं. त्याचा मला अजून अभिमान आहे.

दोन तास म्हणजे आपले दोन तास हं. खेळात एक राउंड सहा सेकंदांचा. दोनदा चहा झाला, पोहे झाले, पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याची बाटली दोन फेऱ्या मारून आली, आणि तिकडे २४ सेकंद झाली होती. ब्लेस एक मिनिट टिकतं, म्हणजे दहा राउंड. दहावा राउंड आम्ही अजून बघितलेला नाही.

भाच्याने मधे एक ॲप आणलं होतं, कोणाचं काय किती राउंड उरलं सगळं तेच मोजायचं. एकही चूक झाली नाही. सगळे मान खाली घालून मोबाइलमध्ये. दोन रविवारांनंतर मीच डबा परत आणून ठेवला, कारण विचाराल तर नीट सांगता येणार नाही.

आमच्या आजीकडे ना ॲप होतं ना रिंगा. धार, देवास, ग्वाल्हेर सगळीकडे भाऊबंद पसरलेले, कोणाकडे बाळ झालं, कोणी गेलं, दहा दिवसांचं कोणतं, तीन दिवसांचं कोणतं, सगळं तिच्या डोक्यात. पोस्टकार्ड उशिरा आलं तर गेलेले दिवस वजा करून उरलेलेच पाळायचे, तो हिशोब ती कार्ड हातात असतानाच करायची. शिवाय चातुर्मासात कोणी वांगं सोडलंय, कोणाचा उपास, कोण सोवळ्यात आहे आणि त्याला कोणी शिवायचं नाही. आणि अगदीच महत्त्वाचं काही असेल तर लुगड्याच्या पदराला गाठ.

मी सहा-सात वर्षांची असेन. दुपारी आजी आडवी झालेली, मी शेजारी, झोप येत नाही, आणि हाताशी ती गाठ. नुसती चाळा म्हणून ओढत राहिले. सुटली. मी पदर सरळ करून ठेवला आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

संध्याकाळी दिवा लावताना आजी पदर चाचपायला लागली. इथे गाठ होती. दूधवाल्याचे पैसे? ते तर दिले. कोणाचं सुतक फिटायचंय? देवाला नारळ बोलले होते की काय? घरातल्या प्रत्येकाला विचारून झालं, मलाही. मी मान हलवली. रात्री जेवताना मधेच हात थांबवून म्हणाली, "काय गं बाई होतं ते." आणि मग तिने पदराला नवीन गाठ मारली, काहीतरी आठवायचं राहिलंय हे आठवावं म्हणून. ती गाठ पुढे किती दिवस होती कोण जाणे. मी कधीच सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहून राह्यलेय.

तर रिंगेचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. कोणाची?

फायटर म्हणाले मी कधी कोणाला घाबरलो. रोग म्हणाली माझ्यावर हिरवी होती. विझर्डने नुसता अंगठा पाठवला, त्याचा अर्थ त्यालाच ठाऊक.

रात्री उशिरा भाच्याचं आलं, "आत्या, तुझीच आहे. ड्रॅगनची भीती, पहिल्या राउंडला. तुझा सेव्ह शेवटपर्यंत झालाच नाही."

म्हटलं शक्यच नाही, भीती असताना त्याच्या जवळ पाऊल टाकता येत नाही, आणि मी तर थेट त्याच्या पायाशी गेले होते.

"हो ना."

मग तेव्हा कोणी ओरडलं का नाही?

"तू पांढरी-पांढरी ओरडत होतीस."