डोळे उघडे की मिटलेले?

"मॅडम, डोळे उघडे ठेवायचे की मिटायचे?"

दुपारचा फोटोग्राफीचा वर्ग. चौदा ते सोळा वर्षांची सहा मुलं, प्रत्येकापुढे फिल्म गुंडाळायची एक रील, कात्री, फिल्म धुवायची टाकी आणि पहिलावहिला स्वतः काढलेला रोल. दिवा घालवायला बटणापाशी हात नेला आणि मागून हा प्रश्न आला. बाकीची फिदीफिदी हसली. "तुला हवं तसं," म्हणून मी बटण दाबलं. गेली वीस वर्षं स्वतःचे प्रिंट स्वतःच्या हाताने करतेय, पण हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

डार्करूम म्हटलं की लोकांना लाल दिवाच आठवतो. तो फोटो छापायच्या कागदासाठी, कागदाला लाल रंग दिसत नाही. फिल्मला मात्र सगळे रंग दिसतात, त्यामुळे ती रीलवर चढवताना लाल दिवाही नाही, काहीच नाही. चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळसुद्धा मी काढून ठेवायला लावते. त्या एवढ्याशा उजेडाने फारसं काही बिघडत नसेल, पण मला चालत नाही.

दिवा गेला की पहिलं मिनिट खुदखुद. मग आवाज. डबीचं झाकण उडाल्याचा टक्. फिल्मचं टोक कापणारी कात्री. आणि रील मागेपुढे फिरवल्याची करकर, दीड मीटरहून लांब फिल्म आत सरकेपर्यंत. कुणाची अडकली ते मला श्वासावरून कळतं. "ओढू नकोस. बाहेर काढ, पहिल्यापासून चढव." रील जरा ओलसर असेल तर हमखास अडकते, आणि कितीही बजावलं तरी कुणीतरी ओलसर रील घेतंच.

त्या काळोखात मुलं बोलतात. उजेडात जी हो-नाहीच्या पुढे जात नाहीत तीही. एकदा एक मुलगा, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाला, "मी गणितात नापास झालोय. घरी माहीत नाही." कुणीच काही बोललं नाही. पाच रीलांची करकर तेवढी चालू राहिली, आणि थोड्या वेळाने सहावी. दिवा लावला तेव्हा एकानेही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं.

माझ्या मामाची डार्करूम म्हणजे न्हाणीघर. बादलीवर फळी, फळीवर ट्रे, दाराच्या फटीला टॉवेल. मी नऊ वर्षांची असेन. कागदाच्या पाकिटात फोटो आधीपासून असणार, मामा ते फक्त पाण्यात घालून बाहेर काढतो, अशी माझी खात्री होती. म्हणून एका दुपारी खिडकीत बसून पाकीट उघडलं आणि सगळे कागद पत्त्यांसारखे पसरून पाहिले. सगळे कोरे. हिरमुसून नीट भरून ठेवले.

रात्री डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, पहिला कागद काळा झाला. दुसरा काळा. तिसऱ्याला मामाने माझ्याकडे पाहिलं. लाल उजेडात माणूस रागावलाय की नाही ते ओळखता येत नाही. ओरडला नाही. तो काळाठिक्कर कागद त्याने रीतसर हायपोत, म्हणजे उरलेले चांदीचे क्षार काढून फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात, घातला, धुतला, वाळवला आणि मला दिला. "घे. खिडकीतला सगळा उजेड आलाय यात."

काळ्या कागदाला हायपो कशाला, ते मामालाच ठाऊक. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ मध्येच लिहून ठेवलं होतं. फोटोग्राफीची जाहीर घोषणा झाली १८३९ मध्ये. म्हणजे औषध तयार आणि वीस वर्षं रोगाचाच पत्ता नाही. मला हे फार आवडतं. वर्गात दरवेळी सांगते आणि दरवेळी एकटीच हसते.

तर डोळे. पुढच्या आठवड्यात माझाच एक रोल धुवायचा होता, तेव्हा मुद्दाम उघडे ठेवून पाहिलं. जरा वेळाने त्या मिट्ट काळोखात मला माझे हात दिसायला लागले. स्पष्ट, रीलसकट. दिसणं शक्यच नव्हतं. त्या न दिसणाऱ्या हातांकडे बघत बसले आणि दोनदा फिल्म अडकवली. मग डोळे मिटले आणि एका दमात चढली. इतकी वर्षं मी मिटूनच चढवत आले असणार, लक्षातच आलं नव्हतं.

पुढच्या वर्गात मोठ्या उत्साहाने तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उत्तर द्यायला गेले. त्याची निगेटिव्ह वाळत टांगली होती. मध्येच दोन वेढे एकमेकांना चिकटलेले, तिथे डेव्हलपर पोचलाच नव्हता. चार फोटोंच्या जागी दुधट पट्टा.

"उघडे ठेवले होतेस ना?"

"एक उघडा ठेवला होता," तो म्हणाला.