तूट चौदा नग

पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, हे शाळेत शिकले असेनच. पटलं मात्र ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात, गुडघे टेकून फरशी चाचपताना.

गाळा छोटा, प्रेसकामाचा. मी हिशेब बघायची. चलनं, जॉबवर्कची बिलं, प्लेटिंगवाल्याची उधारी. कामं ठरलेली: स्विचमधल्या पितळी पट्ट्या, बकलं, वॉशर. त्यात एकदा घड्याळाच्या तबकड्या करणाऱ्यांचं काम आलं. तबकडीवर आकड्यांच्या जागी उंच, चकचकीत काड्या असतात ना, त्या. ऑर्डरवर ‘इंडेक्स’ लिहिलेलं होतं. गाळ्यात सगळे काड्याच म्हणायचे.

तोवर माझी समजूत अशी की त्या टिकलीसारख्या चिकटवत असतील. फोरमन काकांनी एक काडी माझ्या बोटाच्या पेरावर ठेवली, डोळ्याला लावायचं भिंग दिलं आणि म्हणाले, “उलटी करून बघा.” उलटी केली तर खाली दोन पाय! तीन-चार केस एकत्र धरावेत एवढेच जाड, पण चक्क पाय. तबकडी म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पितळी पत्रा. त्याला तेवढीच बारीक भोकं पाडतात, पाय त्यातून मागे काढतात आणि मागच्या बाजूने चपटे करतात, नाहीतर गोंदाचा ठिपका देतात.

“पण दोन कशाला?” मी विचारलं.

“एका पायावर उभी केली तर गिरकी घेईल. पाचाची काडी चाराकडे बघत बसेल.”

त्या दिवशी घरी जाऊन मी वडिलांचं जुनं एचएमटी काढून बघितलं. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूला घड्याळं करायला घेतली, आणि पुढे निदान आमच्या नात्यात तरी दहावी पास झालेल्याला दुसरं काही द्यायची सोयच उरली नाही. त्या घड्याळात मी इतकी वर्षं काटेच बघत आले होते. काटे कुणाकडे बोट दाखवतात, तिकडे लक्षच नव्हतं.

आमच्याकडे फक्त डायने, म्हणजे साच्याने, दाबून आकार काढायचा. पाय त्याच दाबात खाली उतरायचे. पैलू दुसरीकडे पाडले जायचे, हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने. हिरा पितळ घासत नाही, सरळ कापतो, त्यामुळे कापलेली बाजू आरशासारखी निघते. मग निकेलचा नाहीतर सोन्याचा मुलामा. पैलू नुसते नखऱ्याचे नसतात हं. उजेड कमी असला की एक बाजू काळी पडते आणि शेजारची पेटते. गडकरी रंगायतनमध्ये रटाळ दुसऱ्या अंकात मी चोरून घड्याळ बघते तेव्हा वेळ कळते ती या पैलूंच्या कृपेने. सपाट छापलेले आकडे अशा वेळी दगा देतात.

एक काडी तीन मिलिमीटर लांब. म्हणजे तिळाएवढी, पण रुंदीला तिळाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी आणि तरी वजनाला तिळाच्या दुप्पट, साधारण सहा मिलिग्रॅम. किलोला दीड लाखावर नग. एका किलोत तेरा हजार घड्याळांचे बाराही तास! हे गणित मी चलनाच्या मागे मांडलं होतं आणि उगाचच दोनदा तपासलं होतं. एवढं बारीक मोजणार कसं? सोनाराकडे असतो तसा काटा आणला होता. घड्याळाच्या काट्याखालची वस्तू वजनाच्या काट्यावर, अशी गंमत.

तर त्या काट्यावर हजार नगांची पुडी ठेवताना माझा हात लागला आणि ती खाली गेली. आवाज म्हणावा तर नाहीच, नुसतं सळ्ळ झालं. पोऱ्या धावत लोहचुंबक घेऊन आला. फोरमन काका हसले, बोलले मात्र काही नाही. ते जास्त लागलं. मग ट्यूबलाइट बंद करून, बॅटरी फरशीला आडवी धरून, जिथे जिथे चमकेल तिथे ओल्या बोटाने टिपत बसलो. काळ्या कागदावर दहा-दहाचे ढीग केले. काट्याने तेरा-चौदा कमी दाखवले होते, मोजून चौदाच भरले. वहीत लिहिलं: तूट १४ नग.

दोन दिवसांत नऊ सापडल्या. पॅकिंगवाल्या मावशींच्या चपलेच्या तळव्यातून दोन, पंख्याच्या बैठकीखालून पाच, आणि दोन माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. त्यांनी टीएमटीने घरापर्यंत जाऊन-येऊन केलं होतं.

वर्षभरात ते काम बंद झालं. त्या लोकांनी काड्या दाबून घेण्याऐवजी वाढवून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे धातूच्या पाटीवर हवा तेवढाच आकार उघडा ठेवायचा, बाकी भाग लेपाने झाकायचा आणि निकेलच्या द्रावणात बुडवून वीज सोडायची. उघड्या जागी निकेल कणाकणाने चढत जातं. मग चिकट फिल्मवर उचलून बाराही खुणा एकदम तबकडीवर. पाय नाहीत, भोकं नाहीत. माझी टिकलीची समजूत शेवटी खरी झाली म्हणायची! त्या पद्धतीने जेवढी नाजूक अक्षरं निघतात तेवढी डायने निघणार नाहीत, हेही कबूल केलं पाहिजे. पण हिऱ्याने कापलेल्या कडेची धार तिला नसते.

मावशींना हे समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हणजे हलवाच की!” त्या संक्रांतीला काटेरी हलव्याचे दागिने करून विकायच्या. मंद आचेवर परात, चमच्या-चमच्याने पाक, आणि बोटांनी तासन् तास तीळ फिरवत राहायचं. फोरमन काकांनी त्यावर सांगितलं की विजेचा जोर वाढवला तर निकेलही कडांना जाड, खरबरीत चढतं. घाई केली की हलव्याला काटा येत नाही आणि निकेलला नको तिथे येतो.

तो गाळा आता नाही. तिथे काचेची इमारत झाली आहे, खाली कॉफी मिळते. परवा भाचीला हवी म्हणून एका जुन्या साडीचा फॉल उसवत होते. दुमडीतून काहीतरी निसटलं आणि फरशीवर दिव्याखाली चमकलं. ओल्या बोटाने टिपलं, भिंग शोधलं. दोन्ही पाय शाबूत.

तूट आता चार.