तुम्ही विचारलंत म्हणून: मधलं भोक

“तीस वर्षं काँक्रीटमध्ये गेली तुमची. जगात एवढ्या उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि आवडती इमारत विचारली की तुम्ही रोमच्या पँथिऑनचं, त्या प्राचीन घुमटाच्या देवळाचं नाव घेता. तेच का?” हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, सहकारी विचारतात, घरचेही विचारतात. दोन वाक्यांत उत्तर देऊन समाधान होत नाही, माझंही नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी स्ट्रक्चरल डिझाइन करते. इमारत दिसेल कशी हे आर्किटेक्ट ठरवतो, उभी कशी राहील हे मी बघते. या कामात वजनाशी रोजची गाठ. स्लॅबवर माणसं किती येतील, सामान किती येईल, हे पुढचं. आधी स्लॅबला स्वतःचंच वजन पेलावं लागतं. काँक्रीटचं मोठं दुखणं ते हेच. मधे खांब न घेता मोठी जागा झाकायची म्हटली की जाडी वाढवायची, जाडीबरोबर वजन वाढतं, वजनासाठी पुन्हा सळई वाढवायची. कामाला लागल्यावर पहिली काही वर्षं मला वाटायचं, आपला धंदा म्हणजे भर घालत जाणं.

पँथिऑनमध्ये मी शिरले ती हे डोक्यात घेऊन. बाहेर ग्रॅनाइटच्या अखंड खांबांचा अंधारा, भारदस्त मंडप. तिथून दाराच्या आत पाऊल टाकलं आणि मी थांबले. मागून येणाऱ्यांना वाट द्यायचंही सुचलं नाही. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, आणि फरशीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच. म्हणजे त्या पोकळीत एक अख्खा गोल बरोबर मावेल, खाली फरशीला टेकेल आणि वर माथ्याला. हे आकडे मला आधीपासून पाठ होते. पण आत उभं राहिल्यावर कळलं की ते कुणी सांगायची गरजच नाही, अंगाला समजतं. माथ्यावर सुमारे ९ मीटर रुंदीचं उघडं भोक. त्यातून उतरलेला उन्हाचा मोठा गोल भिंतीवर पडला होता. त्याच्या कडेला संगमरवराची एक शीर दिसत होती, मी तिच्यावर नजर लावून बसले. काही मिनिटांत ती शीर सावलीत गेली. इमारत जागची हलत नव्हती, आणि आतलं सगळं बदलत होतं.

आता माझ्या धंद्यातलं सांगते, कारण खरी ओढ तिथेच आहे. या घुमटात सळई नाही. एकही नाही. चुना आणि ज्वालामुखीची राख यांचं काँक्रीट, सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२५च्या सुमारास पुरं झालेलं. बिनसळईच्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट आजही जगात नाही. त्या लोकांनी खडी बदलत नेली. पायात जड, टणक दगड; वर भिंतीत त्याहून हलका; मग विटांचे तुकडे; आणि माथ्याजवळ प्युमिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र दगड. जाडीही तशीच उतरत नेली, तळाशी सहा मीटरच्या वर आणि भोकाच्या कडेला जेमतेम सव्वा मीटर. आतून खणांच्या, म्हणजे चौकोनी खळग्यांच्या, पाच रांगा कोरल्यासारख्या, प्रत्येक रांगेत २८ खण, वर जाताना लहान होत गेलेले. आणि जिथे वजन सर्वात नकोसं, त्या माथ्यावर काहीच ठेवलं नाही. ते भोक कमजोरी नाही. त्याच्या भोवतीचं कडं सगळ्या बाजूंनी दाबलं जातं, आणि दाब सोसण्यात काँक्रीटचा हात कुणी धरणार नाही.

खाली मात्र उलटं. घुमट बुडाशी बाहेर फाकायला बघतो, तिथे ताण येतो, आणि ताणाला काँक्रीट कच्चं. त्यामुळे या घुमटाला बुडापासून वर चढणारे उभे तडे आहेत. हे ऐकलं की लोक दचकतात. पण तडे गेल्यावर घुमट वर्तुळात उभ्या केलेल्या कमानींसारखा वागतो. खालची सहा मीटर जाड भिंत आणि बाहेरच्या अंगाला पायऱ्यांसारखी चढवलेली कडी त्यांना दाबून धरतात. तडा गेला म्हणजे सगळं संपलं असं मानणाऱ्या प्रत्येकाला मला हा घुमट दाखवावासा वाटतो.

मला त्याचं दर्शनी अंगही आवडतं, ते काहीसं जुळत नाही म्हणून. मंडपाच्या त्रिकोणी माथ्यामागे, भिंतीवर, आणखी एका त्रिकोणाची रेघ आहे, बरीच वर. काही अभ्यासकांच्या मते खांब ५० रोमन फुटांचे यायचे होते, मिळाले ४० फुटांचे, आणि मंडप खाली आणावा लागला. ही गोष्ट वाचली तेव्हा मला गहिवरून आलं. ठरवलेलं सामान साइटवर आलं नाही की काय होतं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला कळेल. त्यांनी काम थांबवलं नाही, आणि ती वरची रेघ पुसलीही नाही.

नावाचंही तसंच. मंडपाच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की हे मार्कस अग्रिपानं, हेड्रियनच्या बराच आधीच्या एका रोमन सेनापतीनं, बांधलं. अग्रिपाची इमारत केव्हाच जळून गेली होती. हेड्रियननं नवी उभारली आणि नाव जुन्याचंच ठेवलं. विटांवरचे शिक्के तपासले गेले तेव्हा कुठे खरा काळ पक्का झाला. इ.स. ६०९मध्ये तिचं चर्च झालं, म्हणून ती वापरात राहिली आणि वाचली.

परत आल्यावर एका सभागृहाच्या छताचं काम हातात होतं. तुळया खोल खोल करत मी आकडेमोडीत अडकले होते. तो कागद बाजूला ठेवला आणि नव्या कागदावर एवढंच लिहिलं: इथून काय काढता येईल? मधला भाग मोकळा सोडला, तिथून उजेड घेतला, कडेला गोल तुळई फिरवली. छत हलकं झालं. तेव्हापासून प्रत्येक कामाचा पहिला कागद याच प्रश्नानं सुरू होतो.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा पाऊस होता. पहिल्या खेपेला मी सारा वेळ वर बघत होते, फरशीकडे लक्षच गेलं नव्हतं. मधला भाग दोरीनं अडवलेला, पाऊस सरळ आत कोसळत होता, एका गोल खांबासारखा. फरशी मधे किंचित फुगीर आहे, म्हणून पाणी साचत नव्हतं. ते उतारानं सरकत लहान लहान भोकांशी यायचं, क्षणभर फिरायचं आणि खालच्या जुन्या गटारात नाहीसं व्हायचं. दोरीला टेकून मी एकाच भोकाकडे बघत उभी होते, पाऊस थांबेपर्यंत.